मायची हरवलेली बोली

आमच्या गावात माझ्या मायचं बोलणं सगळ्यांना ठाऊक होतं. गोंदियाजवळच्या गोरेगावच्या आठवडी बाजारात ती व्यापाऱ्यांशी हिंदीत भाव करायची, शेजारच्या पोवार घरातल्या बायांशी पोवारीत बोलायची, आणि आम्हा लेकींना झापायला तिची झाडीबोली होतीच. एक बोली सोडून दुसरी धरताना तिला क्षणभरही थांबावं लागत नसे. बाबा मात्र अगदी मितभाषी. ते म्हणत, "वावर देतात तसं आमच्या घरचं बोलनं मी तिलेच बटईनं देऊन टाकलं."

ही गोष्ट आमचा भाग मध्य प्रदेशात होता तेव्हाची. माझ्या दोन्ही मोठ्या बहिणी सासरी गेल्या होत्या. मी सातवी पास होऊन घरी होते आणि पुढच्या साली मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायचं ठरत होतं. पौषाचे दिवस होते. धानाचा चुरणा, म्हणजे मळणी, झाला होता आणि अंगणात माय सुपानं धान उफणत होती. मी बाजूला बसून कणी निवडत होते.

सूप खाली पडलं. मला वाटलं, हातातून निसटलं असेल. मायलाही तेच वाटलं असावं, कारण ती खाली पाहत राहिली, जणू सूप कुणा दुसऱ्याच्याच हातून पडलं होतं. मग ती डाव्या हातानं ते उचलायला वाकली आणि तशीच कलंडत धानाच्या राशीवर बसली. मी धावले. तिचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. मी विचारत होते, काय झालं, कुठं दुखतं. तिनं माझ्याकडे पाहिलं, ओठ हलवले आणि म्हणाली, "उद्या."

मी पुन्हा विचारलं. ती पुन्हा म्हणाली, "उद्या." त्यानंतर कितीतरी दिवस तिच्याजवळ तो एकच शब्द उरला.

गावात म्हणाले, वारं गेलं अंगावरून. वैद्यबुवांनी मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल गरम करून उजव्या हातापायाला चोळायला सांगितलं. आम्ही चोळलं. पाय थोडा हलायला लागला, हात लोंबतच राहिला, आणि शब्द तर परत येण्याचं नावच घेईनात. भूक लागली तरी "उद्या", बाबांवर चिडली तरी "उद्या", मला जवळ बोलवायचं असलं तरी "उद्या". नवल असं की त्या एका शब्दात तिचे सगळे सूर शाबूत होते. ती विचारत असे, रागावत असे, विनवणी करत असे. डोळे मिटून ऐकलं तर वाटे, माय नेहमीसारखीच बोलते आहे, आपल्यालाच कळत नाही.

शेवटी बाबांनी बैलबंडी जुंपली आणि स्टेशन गाठलं. तिथून छोट्या लाईनच्या गाडीनं आम्ही तिला गोंदियाला नेलं. डॉक्टर वयस्क होते, हिंदी बोलणारे, आणि घाई न करणारे. त्यांनी मायच्या तळपायावर किल्ली ओढून पाहिली, डोळ्यात उजेड टाकला. मग तिला म्हणाले, दरवाजा दाखवा. मायनं डावा हात दरवाज्याकडे केला. खिडकी दाखवा. तिनं खिडकी दाखवली. तुमची मुलगी कुठं आहे? तिनं माझ्याकडे बोट केलं आणि तिच्या डोळ्यातून पाणी आलं. माझ्याही आलं. इतके दिवस आम्हाला कळतच नव्हतं की तिला आमचं सगळं समजतं आहे. घरात तिच्यासमोरच बसून आम्ही तिच्याबद्दल नाही नाही ते बोललो होतो.

डॉक्टरांनी आपल्या दोन्ही मुठी एकमेकींना चिकटवून धरल्या. मेंदू एवढाच असतो, म्हणाले, आणि असाच दोन भागांचा. डावा भाग उजव्या अंगाला चालवतो, उजवा भाग डाव्या अंगाला. मायच्या डाव्या भागात रक्त अडकलं आहे, म्हणून उजवा हात गेला. आणि बोलणं बहुतेक माणसांचं त्याच डाव्या बाजूला राहतं, म्हणून हातासोबत तेही गेलं.

बाबा त्या मुठींकडे टक लावून पाहत होते. आयुष्यभर ज्यांनी कुणाला दोन शब्दांपलीकडे कधी काही विचारलं नव्हतं, ते त्या दिवशी विचारत सुटले. माणूस झोपला की मेंदू झोपतो का? नाही, म्हणाले डॉक्टर, तो श्वास चालवतो, स्वप्नं पाहतो, त्याला सुट्टी नाही. पुष्कळ शिकलं तर डोकं भरून जातं का? अजून कुणाचं भरलेलं पाहिलं नाही. मग बाबांनी विचारलं, डोकं दुखतं तेव्हा मेंदूच दुखतो ना? हिचं आत किती दुखत असेल?

डॉक्टर म्हणाले, "मेंदूला स्वतःला दुखत नाही. डोकं दुखतं ते त्याच्या आवरणाचं, नसांचं, बाहेरचं. त्याला हात लावला तरी त्याला कळत नाही."

परतीच्या गाडीत बाबा खिडकीशी बसले होते. कापणी झालेल्या धानाच्या बांध्या मागे जात होत्या. माय माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. हिरडामाली स्टेशनाच्या आसपास बाबा हळूच म्हणाले, "पायाले काटा रुतला तं मेंदूच सांगते. अन् त्याले सोताले काई समजत नाई. असं कसं केलं असन देवानं?" मी मायच्या कपाळाकडे पाहत होते. ते गरम होतं, तेलाचा वास येत होता, आणि त्याच्या मागे एवढ्याशा जागेत आम्हा सगळ्यांची नावं कुठंतरी अडकून पडली होती.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, तिच्याशी बोलत राहा. म्हणून मी रोज बोलायचे. तांब्या दाखवून तांब्या म्हणायचे, चूल दाखवून चूल. ती माझ्या तोंडाकडे बघायची, ओठ तसेच करायची, आणि बाहेर पडायचं "उद्या". मग ती स्वतःवरच चिडून तोंड भिंतीकडे करायची. एकदा शेजारचं ढोर अंगणात घुसून वाळत टाकलेल्या धानात तोंड घालायला लागलं. माय सपरीतून, म्हणजे पडवीतून, ओरडली, "हाट मुडद्या, खाऊन टाकलन् सारं!" अगदी स्पष्ट. मी घरातून धावत आले. म्हटलं, माय, पुन्हा म्हण, काय म्हणालीस? ती तोंड उघडून बसली. जे आत्ता तिच्याच तोंडून निघालं होतं ते ती शोधत होती आणि तिला सापडत नव्हतं. शिवी रागाबरोबर आपोआप बाहेर येत होती. मुद्दाम बोलावलं की शब्द येत नव्हते. तेव्हापासून मला वाटू लागलं की आपण ज्याला बोलणं म्हणतो ते एक नाही. आत त्याच्या अनेक वाटा असाव्यात.

होळी झाली. मोहाची फुलं पडू लागली. चोरखमाऱ्याच्या जंगलाकडून गोंड बाया डिंक आणि चारोळी घेऊन गावात येत. त्या दुपारी एक बाई आपल्या सुनेसोबत आमच्या दारात आली. आम्ही दरसाल तिच्याकडून डिंक घेत असू. ऊन फार होतं. टोपली उतरवून ती सुनेला आपल्या बोलीत काहीतरी म्हणाली, आणि दोघी सावलीत बसल्या. मी डिंक पाहायला वाकले.

तेवढ्यात मागून मायचा आवाज आला. "एर."

मी वळले. माय खाटेवर उठून बसली होती. डाव्या हातानं ती पाण्याच्या मडक्याकडे बोट दाखवत होती. "एर," ती पुन्हा म्हणाली, आणि त्यापुढे अजून काहीतरी, लांबच्या लांब, जे मला काहीच कळलं नाही. पण "उद्या" त्यात नव्हतं.

डिंकवाली बाई थक्क होऊन मायकडे पाहत राहिली. मग तिनं उत्तर दिलं. मायनं तिला उत्तर दिलं. अडखळत, एकेक शब्द उचलून, पण दिलं. मी बाईला विचारलं, काय म्हणते माय? ती म्हणाली, "बाई, तुही माय म्हनून राहिली, ह्यायले पानी दे, दुरून आल्या हायेत." गोंडीत पाण्याला एर म्हणतात, हे मला त्या दिवशी कळलं. आणि माझ्या मायला गोंडी येते, हेही.

मी पाणी दिलं. बाबा शेतावरून आले तेव्हा माय त्यांनाही गोंडीत काहीतरी म्हणाली. बाबांनी डोक्याचा फेटा काढला आणि ते उंबरठ्यावरच बसले. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. या बाईच्या तोंडून त्यांनी गोंडीचा एक शब्द ऐकला नव्हता.

गावाला मात्र लगेच समजलं, किंवा त्यांना तसं वाटलं. सांजेपर्यंत आमचं अंगण बायांनी भरलं. हे हिचं बोलणं नव्हे, म्हणाल्या. जंगलातली कुणीतरी बाई हिच्या अंगात आली आहे. आजारी माणसाचं अंग रिकामं असतं, तिथं दुसरं कुणी येऊन बसतं. काही जणींनी तिच्या पायांना हात लावला, काही दुरूनच उभ्या राहिल्या. एका म्हातारीनं सांगितलं की पुजाऱ्याला बोलवा, तो मिरच्यांचा धूर देईल, म्हणजे ती कोण आहे ते सांगेल. माय खाटेवरून सगळ्यांकडे पाहत होती. तिला सगळं समजत होतं, हे मला आता ठाऊक होतं, आणि तिच्या डोळ्यांतली भीती मला पाहवेना.

मी बाबांना म्हटलं, धूर द्यायचा नाही. तिचा श्वास कोंडेल. बाबा हो म्हणेनात, नाही म्हणेनात. शेवटी म्हणाले, "तुह्या मामाले बोलावतो. तो मोठा हाय तिच्याहून. तो सांगन तसं करू."

मामा दोन दिवसांनी आला. पुजारीही येऊन सपरीत बसला होता. मामा आत गेला, मायजवळ बसला, तिनं त्याला गोंडीत काही म्हटलं. आम्ही सगळे दाराशी उभे होतो. मामानं धोतराच्या टोकानं डोळे पुसले. मग बाहेर येऊन पुजाऱ्याला म्हणाला, "महाराज, तुमी जा घरी. हिच्या अंगात कोनी नाई. हे माही बहीनच होय."

त्या संध्याकाळी मामानं जे सांगितलं ते आम्ही कुणीच कधी ऐकलं नव्हतं. माझे आजोबा तरुणपणी दरेकस्याच्या जंगलात लाकडाच्या ठेकेदाराकडे मुनशी होते. माय तिथंच जन्मली. तिच्या जन्मानंतर आजीला जे दुखणं लागलं ते गेलंच नाही, आणि तान्ह्या मुलीला एका गोंड बाईनं आपल्या लेकरासोबत दूध पाजून वाढवलं. मामा तेव्हा मोठा होता, त्याला शिकायला काकाकडे ठेवलं होतं, तो सुट्टीत जायचा. म्हणाला, ती आमच्या आईला आई म्हणत नसे, त्या बाईलाच याया म्हणायची. गोंडीत आईला याया म्हणतात. तिला दुसरी बोली येतच नव्हती. मामा म्हणाला, मला तिच्याशी खेळायचं असलं तर त्या बाईला विचारावं लागे, हे काय म्हणते.

आजी वारली तेव्हा माय पाच-सहा वर्षांची असेल. तिलाही काकाच्या घरी आणलं. तिथं ती गोंडीत बोलली की चुलत भावंडं हसायची आणि काकू थापड मारायची. काही महिने ती कुणाशीच बोलली नाही. आणि मग एकदम झाडीबोलीत बोलायला लागली, ती इतकी, की थांबेचना. गोंडीचा शब्द त्यानंतर तिच्या तोंडून निघाला नाही. मामा म्हणाला, मी एकदा विचारलं होतं लग्नाच्या वेळी, तुला ती बोली आठवते का? तर म्हणाली होती, एकही शब्द नाही.

बाबा ऐकत होते. त्या वर्षी गावात सगळीकडे हीच चर्चा होती की आता भाषेप्रमाणे राज्यं होणार, आपण मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात जाणार, मराठीवाले इकडे, हिंदीवाले तिकडे. बाबा आणि मामाही त्यावर तासन् तास बोलत. त्या संध्याकाळी तो विषय कुणी काढला नाही. एकट्या मायच्याच डोक्यात कोणकोणत्या बोल्या एकमेकींशेजारी नांदत होत्या.

मग बाबांनी जे केलं ते मी विसरणार नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी त्या डिंकवाल्या बाईचं गाव शोधून काढलं आणि तिला विनंती केली की बाजाराच्या दिवशी गोरेगावला जाताना आमच्या घरी थांबत जा, हिच्याशी बोलत जा. ती तयार झाली. येताना कधी तेंदूची पिकली टेंभरं आणायची, कधी नुसतीच यायची. दोघी सपरीत बसून बोलायच्या. ती सुनेच्या तक्रारी सांगायची, मोहफुलं किती पडली ते सांगायची, आणि माय हसायची. किती महिन्यांनी मायला हसताना ऐकलं.

मीही शिकले. बाबाही शिकले. पाणी पाहिजे असलं की ते मुद्दाम मायजवळ जाऊन म्हणायचे, "एर." त्यांचा उच्चार ऐकून माय डोक्याला हात लावायची आणि सुधारून सांगायची. पुन्हा सांगायची. आयुष्यभर न बोललेला माणूस बायकोपाशी बसून बाळासारखा बोलायला शिकत होता.

आणि मग, पावसाळा लागायच्या सुमारास, मराठी परत यायला लागली. ती अशी आली की मला आजही सांगताना अंगावर काटा येतो. आधी गोंडी शब्द यायचा, आणि त्याच्या मागून, क्षणभर थांबून, मराठी शब्द. "एर... पानी." ती स्वतःच दचकायची. एखाद्या दिवशी सकाळपासून चार-पाच शब्द नवे यायचे, एखाद्या दिवशी कालचेही जायचे. एकदा तिनं माझ्याकडे पाहून "याया" म्हटलं, लगेच मान हलवली, चूक झाली म्हणून, डोळे मिटून खूप वेळ शोधत राहिली, आणि मग माझं नाव घेतलं. पौषापासून तिनं माझं नाव घेतलं नव्हतं. मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून रडले, आणि ती डाव्या हातानं माझे केस नीट करत राहिली.

आम्ही तिला पुन्हा गोंदियाला नेलं. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं. मायला गोंडीत बोलायला लावलं. त्यांना ते समजत नव्हतं, तरी कान देऊन ऐकत होते. मी त्यांना विचारलं, असं कसं होऊ शकतं? जी बोली ती विसरली होती ती वाचली कशी, आणि जी रोज बोलत होती ती बुडाली कशी?

ते म्हणाले, असे रोगी असतात असं मी पुस्तकात वाचलं आहे, पाहिला नव्हता. कुणाची लहानपणची भाषा आधी परत येते, कुणाची रोजची, कुणाच्या सगळ्या एकदम. नियम नाही. मग म्हणाले, "बेटी, चोरखमाऱ्याचा तलाव पाळीवर उभं राहून दिसतो ना? मेंदू आम्हाला तेवढाच दिसतो. वरचं पाणी. खाली काय आहे ते अजून कुणी उतरून पाहिलेलं नाही."

मी पुढे ट्रेनिंगला गेले. तिथं वर्गात भिंतीवर माणसाच्या शरीराचा तक्ता होता. मेंदू गुलाबी रंगात, वळ्यावळ्यांचा, त्याचे भाग बाणांनी दाखवलेले. बाकीच्या मुली नावं पाठ करायच्या. मी त्या डाव्या अर्ध्या भागाकडे पाहत बसायचे. त्या वळ्यांत कुठंतरी दरेकस्याचं जंगल होतं, एक ओढा असेल, एका बाईचं दूध आणि तिचा आवाज. थापडांनी गप्प केलेली एक लहान मुलगी इतकी वर्षं तिथं कुणालाही न सांगता बसली होती. माझ्या मायलाही न सांगता. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की आपल्या आत आपल्यापेक्षा पुष्कळ जास्त काही राहतं. आणि माझ्या वर्गात पुढे जे लेकरू गप्प बसायचं, त्याला मी कधी ढ म्हटलं नाही.

मायची मराठी बरीचशी परतली, अधूनमधून खड्डे राहिले. पोवारीचे मोजके शब्द आले. हिंदी मात्र गेली ती गेलीच. बाजारात भाव करायला मग बाबा जायला लागले आणि दरवेळी फसून यायचे. गोंडी तिच्याजवळ शेवटपर्यंत राहिली.

सुट्टीत घरी आले असताना एका दुपारी आम्ही दोघी चारोळ्या फोडत होतो. मी तिला विचारलं, माय, ती बोली इतकी वर्षं कुठं होती? तुला आत काही जाणवत होतं का?

तिनं हातातली चारोळी खाली ठेवली आणि खरंच विचार केला. कपाळाला आठ्या पडल्या.

"मले का मालूम," ती म्हणाली, सावकाश, शब्द जुळवत. "मी तं बोलून राहिली. आत पाहून थोडीच राहिली."

आणि मी फोडलेल्या चारोळ्यांत किती टरफलं राहिली आहेत ते मला दाखवायला लागली.